पायलटच्या रक्तात काय सापडतं? दारू कमी, सर्दीची गोळी जास्त

विमान कोसळलं की दुसऱ्या दिवशी पारावर आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. पायलट पिऊन होता का?

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं विमान उड्डाणानंतर काही सेकंदांत पडलं, तेव्हाही हा प्रश्न फिरलाच. महिनाभरानं विमान अपघात तपास विभागाचा प्राथमिक अहवाल आला. त्यात नोंद आहे की विमानावरच्या कर्मचाऱ्यांची त्या दिवशी सकाळी ११ वाजून ५५ मिनिटांनी ब्रेथ ॲनालायझर चाचणी झाली होती आणि सगळे कामाला योग्य ठरले होते. दुपारी १.३८ च्या सुमारास विमान उडालं. त्या अपघातापुरता दारूचा विषय या नोंदीवर थांबायला हवा होता, पण फॉरवर्ड मेसेज काही थांबले नाहीत. अहवाल किती जणांनी वाचला असेल, हा वेगळा प्रश्न.

मुळात प्रश्न चुकीचा नाही. तो अर्धा आहे. अपघातात गेलेल्या पायलटांच्या रक्ता-मांसाची तपासणी अमेरिकेत वर्षानुवर्षं होते आणि त्याचे आकडे जाहीर होतात. त्या आकड्यांत दारू आहे, गांजा-कोकेनही आहे. पण त्याहून मोठ्या संख्येनं जे सापडतं ते मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारं औषध आहे. आणि ते औषध आपल्या विमानतळावरच्या चाचण्यांत पकडलं जात नाही.

गुरांनी भरलेलं विमान

'पिऊन होता का' या प्रश्नाचं उत्तर खरंच 'हो' आलेले अपघात आहेत. त्यातला एक गुरांच्या विमानाचा आहे.

१३ जानेवारी १९७७. अमेरिकेच्या अलास्का राज्यातला अँकरेज विमानतळ. जपान एअरलाइन्सचं डीसी-८ मालवाहू विमान, आत मांसासाठी जपानला चाललेली ५६ जिवंत गुरं. पुढे तीन जणांचा क्रू, मागे गुरं सांभाळायला दोन माणसं. पहाटेच्या अंधारात विमान उडालं आणि लगेच खाली आलं. पाचही जण गेले, गुरंही गेली.

कॅप्टन अमेरिकन होता, वय ५३. त्याच्या रक्तात १०० मिलिलिटरला जवळपास ३०० मिलिग्रॅम अल्कोहोल निघालं. हा आकडा किती मोठा आहे हे कळायला आपला मोटार वाहन कायदा बघावा. आपल्याकडं गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे हा माणूस त्याच्या दहापट नशेत होता आणि हातात चार इंजिनांचं जेट होतं. पंखांवर बर्फही साचला होता, तो दोषही तपासात आला. पण तपास मंडळानं मुख्य कारणात दारूचं नाव घातलं.

या अपघातातली खरी गोष्ट मात्र दारूच्या आकड्यात नाही. क्रूला हॉटेलवरून विमानतळावर नेणाऱ्या टॅक्सीवाल्याला कॅप्टनची अवस्था कळली होती. चेहरा लाल, डोळे तारवटलेले, चालणं सरळ नाही. त्यानं आपल्या ऑफिसला सांगितलं, तिथून पुढं विमानतळावरच्या लोकांना फोनही गेला. तरी विमान थांबलं नाही. आणि कॅप्टनच्या शेजारी बसलेला को-पायलट आणि मागचा फ्लाइट इंजिनिअर, दोघंही जपानी, दोघंही वयानं बरेच लहान, त्यांनीही त्याला अडवलं नाही. तपास मंडळानं हे अपघाताला हातभार लावणारं कारण म्हणून नोंदवलं आहे. टॅक्सीवाला बोलला, कारण त्याला त्या कॅप्टनच्या हाताखाली नोकरी करायची नव्हती. मोठ्या माणसाला तोंडावर 'साहेब, आज तुम्ही बसू नका' म्हणायला कुठल्याच देशात सोपं नसतं.

असे आणखी अपघात आहेत. ३ जानेवारी १९६१ ला फिनलंडमध्ये प्रवासी विमान पडून २५ जण गेले, तिथं कॅप्टन आणि को-पायलट दोघंही रात्रभराच्या पिण्यातून उठून आले होते. सप्टेंबर २००८ मध्ये रशियातल्या पर्म शहराजवळ बोइंग ७३७ पडलं, ८८ मृत्यू, कॅप्टनच्या शरीरात अल्कोहोल सापडलं. जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डुरँगोजवळ छोटं प्रवासी विमान डोंगराळ भागात उतरताना पडून नऊ जण गेले आणि कॅप्टनच्या शरीरात कोकेनचा अंश निघाला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनं विमान कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांच्या ड्रग चाचण्यांचा नियम काढला.

दारूसाठी आपलं दार घट्ट आहे

भारतात या बाबतीत नियम अमेरिकेपेक्षा कडक आहेत, हे अनेकांना माहीत नसतं. अमेरिकेत पिणं आणि उड्डाण यात आठ तासांचं अंतर आणि रक्तात ४० मिलिग्रॅमच्या खाली, असा नियम आहे. आपल्याकडं अंतर बारा तासांचं आणि यंत्रावर आकडा शून्य. देशातल्या उड्डाणाआधी क्रूची फुंकर घेतली जाते. परदेशातून येणाऱ्या विमानाच्या क्रूची भारतात उतरल्यावर घेतली जाते. विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थांनाही ही चाचणी लागू आहे. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने लायसन्स निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा लायसन्स रद्द. २०२३ च्या सुधारणेत डीजीसीएनं अल्कोहोल असलेला माउथवॉश आणि दातांचं जेल वापरायलाही मनाई केली. मसुद्यात अत्तराचंही नाव होतं, अंतिम नियमात ते गळालं.

'पायलट ब्रेथ टेस्टमध्ये फेल' अशी बातमी आली की लोक घाबरतात. खरं तर ती यंत्रणा चालली अशी बातमी आहे. तो पायलट जमिनीवरच राहिला.

मग सापडतं काय?

अमेरिकेत ओक्लाहोमा सिटी इथं तिथल्या विमान वाहतूक खात्याची वैद्यकीय संस्था आहे. देशात कुठंही विमान पडून पायलट गेला की त्याचे नमुने तिथं येतात. २००४ ते २००८ या काळातल्या १,३५३ मृत पायलटांच्या तपासणीत ४० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल असलेले सात टक्क्यांच्या आसपास होते. त्यातही सगळे प्यायलेले होते असं नाही, ते पुढं येईल.

२०१४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं मोठा अभ्यास काढला. १९९० ते २०१२ या काळात गेलेले ६,६७७ पायलट. यात दारू धरलीच नव्हती, फक्त औषधं आणि ड्रग्ज. १९९० च्या सुमारास दहापैकी एका पायलटच्या शरीरात काहीतरी औषध सापडत होतं. २०१२ पर्यंत ते दहापैकी चारांवर गेलं. बेकायदा ड्रग्ज, त्यात मुख्यतः गांजा, शेवटच्या वर्षांतही चार टक्क्यांच्या आसपासच होते. मेंदू मंद करू शकतील अशा औषधांत पहिला नंबर डायफेनहायड्रामिनचा. पुढं २०१३ ते २०१७ मधल्या ९५२ पायलटांचा अभ्यास झाला. २८ टक्क्यांच्या शरीरात गुंगी आणू शकणारं किमान एक औषध होतं आणि पहिला नंबर पुन्हा त्याच डायफेनहायड्रामिनचा.

नाव अवघड आहे, वस्तू ओळखीची आहे. खोकल्याच्या बेनाड्रिल सिरपमध्ये हेच असतं. ॲलर्जी, सर्दी, शिंका, अंगाची खाज, यावरचं हे जुनं औषध. अमेरिकेत तेच झोपेची गोळी म्हणूनही दुकानात मोकळं मिळतं. आपल्याकडच्या सर्दीच्या कॉम्बिनेशन गोळ्यांत बहुतेक वेळा त्याचंच भावंड क्लोरफेनिरामाइन असतं. दोन्ही एकाच घराण्यातली, झोप आणणारी.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात ४० जणांना गाडीच्या सिम्युलेटरवर बसवून एक प्रयोग झाला होता, २००० साली तो छापून आला. त्याच माणसांना वेगवेगळ्या दिवशी डायफेनहायड्रामिन, झोप न आणणारी नव्या जातीची गोळी, कसलंच औषध नसलेली गोळी आणि १०० मिलिग्रॅमच्या पातळीची दारू देऊन गाडी चालवायला लावली. डायफेनहायड्रामिन घेतलेल्यांचं चालवणं दारू प्यायलेल्यांपेक्षाही वाईट निघालं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, 'तुला झोप येतेय का' असं विचारल्यावर माणूस जे उत्तर देत होता त्यावरून त्याचं चालवणं किती बिघडलंय हे कळत नव्हतं. प्यायलेल्या माणसाला निदान आपण प्यायलोय हे माहीत असतं. गोळी घेतलेल्याला वाटतं, आता बरं वाटतंय.

म्हणून अमेरिकेचं विमान वाहतूक खातं पायलटांना सांगतं की डायफेनहायड्रामिनचा शेवटचा डोस घेतल्यावर ६० तास विमानाला हात लावू नका. अडीच दिवस. दारूला आठ तास आणि खोकल्याच्या औषधाला साठ. आपल्याकडं घरोघरी चालणाऱ्या सेटिरिझिनलाही तिथं ४८ तासांची थांब आहे. फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन या गोळ्या मात्र त्रास होत नसेल तर चालतात.

इथं एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. या आकड्यांत बहुसंख्य पायलट प्रवासी कंपन्यांचे नाहीत. २०१४ च्या अभ्यासात ९६ टक्के पायलट छोट्या विमानांचे होते. स्वतःचं विमान असलेले, शिकणारे आणि शिकवणारे, असे. शिवाय शरीरात औषध सापडलं म्हणजे त्यामुळंच विमान पडलं असं होत नाही. त्याच अभ्यासात औषधाच्या अमलाला अपघाताचं कारण ठरवलेले अपघात तीन टक्क्यांच्या आसपासच होते. म्हातारे पायलट वाढले, समाजात औषधं वाढली, ते आकड्यातही दिसतं. आकडा ४० टक्के ऐकून 'चाळीस टक्के पायलट नशेत' असं कुणी फॉरवर्ड केलं तर ते खोटं आहे.

पण तीन टक्क्यांतली माणसं खरी आहेत. ३० जुलै २०१६ ला टेक्सासमधल्या लॉकहार्टजवळ हॉट एअर बलून विजेच्या तारांना लागून पेटला. पायलटसह १६ जण गेले. पायलटच्या शरीरात डायफेनहायड्रामिन होतं, जोडीला ऑक्सिकोडोनसारखं जोरदार वेदनाशामक आणि इतरही औषधं. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या अनेक शिक्षा त्याच्या नावावर आधीच होत्या. तरी लोकांकडून पैसे घेऊन तो बलून उडवत होता, कारण बलूनच्या पायलटला मेडिकल सर्टिफिकेटच लागत नव्हतं. तपास मंडळानं औषधांबरोबर नियमातल्या या भोकालाही दोष दिला. ते भोक बुजवायला २०२२ उजाडलं.

व्हिसेराचं पुढं काय होतं

आपल्याकडं संशयास्पद मृत्यूच्या प्रत्येक बातमीत 'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य असतं. पुढं सीए रिपोर्टमध्ये काय आलं हे क्वचितच छापलं जातं. विमान अपघातात या रिपोर्टचं वजन फार मोठं असतं आणि घोळही तितकाच मोठा.

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवून अल्कोहोल करतात हे ऊसपट्ट्यात कुणाला सांगायला नको. मेल्यानंतर शरीरातही तेच चालू होतं. रक्तातली साखर, ऊब आणि जंतू मिळाले की अल्कोहोल तयार होतं. विमान अपघातातला देह छिन्नभिन्न झालेला असतो, कधी चिखलात, कधी पाण्यात, कधी दोन-दोन दिवस उन्हात. आयुष्यात थेंब न घेतलेल्या माणसाच्या नमुन्यातही अल्कोहोल निघू शकतं. वर सांगितलेल्या सात टक्क्यांत अशीही प्रकरणं आहेत.

हे वेगळं कसं करायचं? डोळ्याच्या आतला द्रव आणि लघवी इथं जंतू उशिरा पोचतात, म्हणून तिथलं अल्कोहोल मोजतात. माणूस खरंच प्यायला असेल तर अल्कोहोल सगळ्या अवयवांत एका प्रमाणात पसरलेलं असतं. नंतर तयार झालं असेल तर एका अवयवात भरपूर, दुसऱ्यात काहीच नाही. आणखी एक पक्की खूण आहे. जिवंत शरीरातून दारू गेली की सेरोटोनिन नावाच्या रसायनाचं विघटन वेगळ्या वाटेनं होतं आणि लघवीतल्या दोन पदार्थांचं गुणोत्तर बदलतं. मेल्यानंतर तयार झालेल्या अल्कोहोलनं ते बदलत नाही. म्हणजे नुसतं 'अल्कोहोल पॉझिटिव्ह' या दोन शब्दांवर एका मेलेल्या पायलटला दारुडा ठरवता येत नाही. त्याच्या घरच्यांच्या दृष्टीनं हा फरक किती मोठा आहे, आणि विम्याच्या दाव्यात किती मोठा, ते वेगळं सांगायला नको.

गांजा सापडेल, गोळी नाही

भारतात ३१ जानेवारी २०२२ पासून दारूच्या पलीकडची चाचणी सुरू झाली. कंपन्यांनी दरवर्षी किमान दहा टक्के पायलटांची आणि हवाई वाहतूक नियंत्रकांची अचानक लघवी तपासायची. नोकरीवर घेण्याआधी आणि पायलटच्या प्रशिक्षणाला प्रवेश देण्याआधीही तपासायची. यादीत गांजा, कोकेन, अफूपासूनची औषधं, ॲम्फेटामिन, बार्बिच्युरेट आणि बेंझोडायझेपिन म्हणजे झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या आहेत. पहिल्यांदा सापडला तर व्यसनमुक्तीसाठी पाठवायचं, दुसऱ्यांदा तीन वर्षं निलंबन, तिसऱ्यांदा लायसन्स रद्द. नियम चांगला आहे. दारूच्या नियमापेक्षा एका बाबतीत शहाणाही आहे, कारण पहिल्या वेळी उपचाराची वाट ठेवली आहे.

पण मृत पायलटांत सगळ्यांत जास्त सापडणारं औषध या यादीत नाही. अमेरिकेच्या कामाच्या ठिकाणच्या यादीतही नाही. ते गुन्ह्याचं औषध नाही, त्यामुळं ते तपासून शिक्षा द्यायचीही सोय नाही. नळी त्याला ओळखत नाही, लघवीची चाचणी त्याला शोधत नाही. ते एकाच माणसाला माहीत असतं, ज्यानं ते घेतलं. आणि तो सांगेल तेव्हाच कळेल.

तो सांगत का नाही, याचं उत्तर लायसन्समध्ये आहे. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या को-पायलटनं फ्रेंच आल्प्समध्ये विमान डोंगरावर घातलं, १५० जण गेले. तो प्रकार जाणूनबुजून केलेला होता, औषधाच्या गुंगीतला नव्हता. पण त्याच्या शरीरात नैराश्यावरची आणि झोपेची औषधं सापडली आणि हे उपचार कंपनीला माहीत नव्हते. फ्रेंच तपास यंत्रणेनं लिहिलं की उड्डाण बंद होण्याची आणि कमाई जाण्याची भीती पायलटांना आजार लपवायला लावते. पुढं युरोपात अचानक दारू चाचण्यांबरोबर पायलटांनीच पायलटांना आधार देण्याची व्यवस्था सक्तीची झाली. अमेरिकेत तर १९७० च्या दशकापासून व्यसनी पायलटांना उपचार देऊन, नजरेखाली ठेवून पुन्हा कामावर आणण्याची योजना चालते. कर्ज काढून लायसन्स मिळवलेल्या पोराला 'खरं सांग' म्हणायचं आणि खरं सांगितल्यावर पगार थांबवायचा, असं असेल तर तो खोटंच सांगणार.

झोपेचाही यात वाटा आहे. २०२५ मध्ये दोन टप्प्यांत पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण नव्या नियमांचं गणित कंपनीला जुळवता आलं नाही, आणि डीजीसीएला तात्पुरती सूट द्यावी लागली. विमानतळावर अडकलेल्यांचे हाल सगळ्यांनी पाहिले. ज्या माणसाची झोप रात्रपाळीनं मोडलीय तो दुपारी पडदे ओढून झोपायला काय घेतो, हा विषय त्या गोंधळात कुठं आला नाही.

आपल्या राज्यात छोटी विमानं उडतात ती मुख्यतः बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी, प्रशिक्षण संस्थांत. अमेरिकेच्या आकड्यांतली छोटी विमानं आणि ही विमानं एकाच जातीची. शिकणारी मुलं अठरा-वीस वर्षांची, काही तालुक्याच्या गावांतून आलेली. उड्डाणाचे तास मोजून घ्यायचे असतात, हवामानामुळं आधीच दिवस वाया जातात, त्यात सर्दी झाली तर सुट्टी घ्यायला जिवावर येतं. मेडिकलवाला दहा रुपयांची पट्टी कापून देतो. पाकिटावर झोप येण्याची सूचना असते, बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरात, आणि कापलेल्या पट्टीच्या तुकड्यावर तीही राहत नाही. सकाळी तो मुलगा नळीत फुंकर मारतो. आकडा शून्य येतो.